टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढले का? शरीराच्या तोलाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मी बाजूला काढली. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकात उष्माघात आहे, एकात थायरॉईडचा अहवाल, तर एकात पंढरीची वारी. पण ती ओळीने वाचताना जाणवले की बहुतेकांच्या गोंधळाचे मूळ एकच आहे. शरीरात दिसणारा बदल हा स्वतःच बिघाड आहे, की बिघाड सावरण्यासाठी शरीराने आपणहून केलेली हालचाल आहे, हे ओळखताना आपली गल्लत होते आणि मग उपाय चुकीच्या जागी केला जातो.

उत्तरांआधी एक ओळखीची वस्तू डोळ्यांसमोर आणावी, कारण ती पुढे वारंवार लागणार आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो. पाणी उतरले की फुगा खाली येतो, झडप उघडते आणि पाणी येऊ लागते. टाकी भरली की तोच फुगा वर जाऊन झडप बंद करतो. जो परिणाम साधायचा आहे त्याचीच खबर उलट फिरून कारणाकडे पोचते आणि त्याला आवर घालते. यालाच शरीरक्रियाशास्त्रात ऋण प्रत्याभरण म्हणतात. बोलताना आपण फीडबॅक म्हणतो. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत नव्हे तर शरीरातल्या द्रवात राहतात आणि तो द्रव स्थिर राखला जातो म्हणूनच प्राणी बाहेरच्या बदलांना पुरून उरतो, हा विचार एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी मांडला. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. मराठीत आपण त्याला समस्थिती म्हणतो.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या शेजारचे काका दुपारी शेतातून परतले आणि अंगणातच कोसळले. अंग भट्टीसारखे तापले होते आणि ते असंबद्ध बोलत होते. घरच्यांनी तापाची गोळी दिली आणि पांघरूण घालून निजवले. तासाभराने रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टर रागावले. काका वाचले, पण तापाला तापाची गोळी देण्यात काय चुकले, हे आम्हाला अजून कळलेले नाही. (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : काका वाचले हे वाचून फार बरे वाटले. ताप आणि उष्माघात या दोन्हींत अंग तापते, परंतु शरीराच्या दृष्टीने या एकमेकींच्या अगदी उलट घटना आहेत.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथील काही चेतापेशी रक्ताचे तापमान सतत मोजत असतात, आणि त्वचेकडूनही त्यांना खबर येत असते. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे, ही त्यांची ठरलेली पातळी. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशांमुळे या भागात प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होते आणि ती पातळीच वर सरकते. फुग्याची दांडी वाकवून प्लंबर टाकीतल्या पाण्याची पातळी वर नेतो, तसाच हा प्रकार आहे. आता शरीराला ३९ अंश हवे आहेत आणि रक्त तर ३७ अंशांवर आहे. म्हणून ताप चढताना हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि भर उन्हाळ्यातही गोधडी हवीशी वाटते. तापाचा रोगी तापलेला असूनही त्याला थंडी वाजते, ती याचसाठी. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते, वाकलेली दांडी पूर्ववत होते, आणि मग घाम फुटून ताप उतरतो.

उष्माघातात दांडी कोणीच वाकवलेली नसते. हायपोथॅलॅमसला ३७ अंशच हवे असतात, त्यासाठी तो जिवाचा आटापिटा करत असतो, पण आत येणारी आणि कष्टाने तयार होणारी उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची क्षमताच संपलेली असते. प्रोस्टाग्लँडिनचा येथे संबंध नसल्यामुळे पॅरासिटामॉलला करण्यासारखे काही उरत नाही. उलट उष्णतेने आधीच धोक्यात आलेल्या यकृतावर त्या गोळीचा जादा भार पडतो. पांघरुणाने तर उष्णतेची उरलीसुरली वाटही बंद होते.

ती वाट म्हणजे मुख्यतः घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. लंडनमध्ये १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले होते. तेथील कोरडी हवा उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेली होती. सोबत नेलेली अंडी त्या हवेत कडक झाली, पण माणसांच्या शरीराचे तापमान जवळजवळ जागच्या जागी राहिले. मात्र घाम वाळला तरच हे साधते. विदर्भात कूलर उत्तम चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचे कारण आणि कोकणात पस्तीस अंशांतही जीव कासावीस होतो त्याचे कारण एकच आहे: दमट हवेत पाणी वाळत नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात धोका वेगळ्या वाटेने येतो. घाम फुटताक्षणी वाळून जातो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. आणि शरीरातले पाणी फार घटले की त्वचेकडे रक्त नेणेही कठीण होते.

तेव्हा उन्हातून आलेला माणूस चाळीस अंशांच्या वर तापला असेल आणि बरळत असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर त्याला ताप समजू नये. घाम आला आहे की नाही यावरून निदान करू नये, कारण अंगमेहनत करताना झालेल्या उष्माघातात त्वचा ओलीही असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे काढून, अंगावर पाणी ओतत जोराचा वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काखा आणि जांघांत ठेवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. येथे मिनिटांचे मोल आहे, म्हणून गार करणे आधी आणि नेणे नंतर, किंवा नेता नेता गार करणे, असा क्रम ठेवावा.

शेतमजूर आणि बांधकामावरचे कामगार यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उन्हाची सवय होते हे खरे, पण तिला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. थंड प्रदेशातून नुकत्याच आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात राबवणे हा त्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

प्रश्न : माझ्या रक्ततपासणीत टीएसएच ११ आला. अहवालात तो ठळक अक्षरांत वाढलेला दाखवला आहे. डॉक्टर मात्र म्हणतात की थायरॉईड कमी आहे आणि त्यांनी थायरॉईडचीच गोळी सुरू केली. वाढलेल्या गोष्टीत आणखी भर कशाला, म्हणून मी पंधरा दिवसांनी गोळी बंद केली. माझे बरोबर आहे ना? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : ताई, आपली शंका अतिशय स्वाभाविक आहे, पण गोळी थांबवण्याचा निर्णय बरोबर नाही. आपल्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगावे आणि त्यांच्या सल्ल्याने ती पुन्हा सुरू करावी.

सारा गोंधळ नावामुळे होतो. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक नव्हे. ते मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते आणि ‘संप्रेरक तयार कर’ हा हुकूम घेऊन गळ्यातील थायरॉईडकडे जाते. हुकूम मिळाला की थायरॉईड टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरके रक्तात सोडते. ती पुरेशी झाली की त्यांचीच खबर हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेकडे पोचते आणि हुकूम सौम्य होतो. आता थायरॉईड थकली आहे असे समजा. टी-फोर कमी पडतो, वर खबर जाते, आणि पीयूषिका अधिकाधिक मोठ्या आवाजात हुकूम सोडू लागते. आपल्या अहवालातील ११ हा तो चढलेला आवाज आहे. वर्गातले मूल उत्तर देत नाही म्हणून बाईंचा आवाज चढला, तर त्यावरून मूल फार बोलते असा निष्कर्ष आपण काढत नाही. गोळीतून टी-फोर मिळाला की पीयूषिकेला ओरडण्याचे कारण उरत नाही आणि टीएसएच खाली येतो.

हा आवाज फार संवेदनशील असतो. टी-फोर निम्म्यावर आला तर टीएसएच सुमारे शंभर पटींपर्यंत चढू शकतो. म्हणूनच टी-फोर अजून सामान्य मर्यादेत असतानाही टीएसएच आधी बोलू लागतो, आणि म्हणूनच डॉक्टर पहिली तपासणी त्याची करतात. सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ ही त्याची मर्यादा धरतात. वयानुसार आणि गरोदरपणात ती बदलते.

पंधरा दिवसांत फरक न दिसण्याचेही कारण आहे. टी-फोर रक्तात निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावून पीयूषिकेला ती पटेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने घ्यावा, आणि लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी, कारण त्या गोळ्या टी-फोरला आतड्यातच अडवतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी तेही सांगावे. काही चाचण्यांत त्यांच्यामुळे आकडे खोटे येतात.

याच साखळीच्या दोन विपरीत कहाण्या मला नेहमी विलक्षण वाटतात. पहिली गलगंडाची. अन्नात आयोडीन नसेल तर थायरॉईडला संप्रेरक तयार करता येत नाही, पीयूषिकेचा हुकूम थांबत नाही, आणि वर्षानुवर्षे तो हुकूम झेलता झेलता ग्रंथी फुगत जाते. म्हणजे गळ्यावर दिसणारी ती मोठी गाठ हा उणीव भरून काढण्याचा शरीराचा प्रामाणिक प्रयत्न असतो. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंडाचे प्रमाण उतरवून दाखवले, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीमागे हे काम उभे आहे. दुसरी कहाणी ग्रेव्हजच्या आजाराची. त्यात शरीरात चुकून तयार झालेली प्रतिपिंडे टीएसएचचे सोंग घेऊन थायरॉईडला खोटा हुकूम देतात. ग्रंथी बेफाम संप्रेरक सोडते. पीयूषिका बिचारी केव्हाच गप्प झालेली असते, म्हणून टीएसएच जवळजवळ शून्यावर दिसतो. क्वचित पीयूषिकाच आजारी असते आणि तेव्हा टी-फोर कमी असूनही टीएसएच चढत नाही. असा संशय आला की डॉक्टर दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहतात.

प्रश्न : आईला संधिवातासाठी सहा महिने स्टेरॉइडची गोळी होती. आता सांधे पूर्ण बरे आहेत. तरीही डॉक्टर गोळी एकदम बंद करू देत नाहीत, थोडी थोडी कमी करायला सांगतात. गरज नसलेले औषध का घेत राहायचे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सांध्यांना गरज उरली नसेल, पण शरीराला अजून आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात, आणि त्यांनाही पीयूषिकेचा हुकूम लागतो. आता आपली टाकी आठवा. कोणी बाहेरून बादल्यांनी पाणी ओतत राहिले तर फुगा सतत वर राहील आणि झडप बंदच राहील. सहा महिने न उघडलेली झडप गंजते. गोळीतील स्टेरॉइड रक्तात असल्यामुळे पीयूषिकेने हुकूम देणे थांबवले आणि हुकुमाअभावी अधिवृक्क ग्रंथी रोडावल्या. त्यांना जागे होण्यास आठवडे, कधी अनेक महिने लागतात. मधल्या काळात गोळी अचानक बंद केली आणि त्यातच एखादा ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे आणि नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर न विचारता सांगावे. सांधेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले आढळते. रुग्णाला ते ठाऊक नसते आणि पुडी संपली की तो अकस्मात गळून जातो. अशा पुड्या घरात येऊ देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या दिंडीत दरवर्षी वारकऱ्यांच्या आरोग्याची सेवा मी पाहतो. कोणी सांगते तहान लागण्याआधीच पाणी पीत राहा, तर कोणी सांगते तहान लागेल तेवढेच प्या. आम्ही माउलींना नेमके काय सांगावे? (एक स्वयंसेवक, फलटण)

उत्तर : तहान ही शरीराच्या सर्वांत तल्लख मोजणीपैकी एक आहे. रक्तातील क्षारांची घनता एक ते दोन टक्क्यांनी वाढली तरी हायपोथॅलॅमसला कळते. तो दोन कामे एकदम करतो: तहान जागवतो, आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतो, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातील दीड-दोन लिटरच बाहेर सोडतात, यावरून त्यांच्या हातातील लगाम केवढा मोठा आहे ते ध्यानात यावे. आणखी एक सुंदर गोष्ट अशी की पाणी प्यायल्यावर ते रक्तात पोचण्याच्या आधीच, घोट घशाखाली उतरताना, तहान शमू लागते. मेंदू पुढचा अंदाज बांधून आधीच आवर घालतो, नाहीतर आपण दर वेळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्यायलो असतो.

म्हणून निरोगी, तरुण वारकऱ्याला तहानेच्या मागे जा असे सांगणे योग्य आहे. बळेबळे लिटरच्या लिटर साधे पाणी पिण्यात खरा धोका आहे, कारण दीर्घ श्रमांत व्हॅसोप्रेसिन चढलेले असते, जादा पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातील सोडियम पातळ होत जाते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजले तर त्याची अवस्था बिघडते.

वारीत मात्र म्हातारी माणसे पुष्कळ असतात, आणि वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. सत्तरीच्या आजीला तहान लागली नाही म्हणून पाणी लागत नाही असे मानू नये. तिला प्रत्येक विसाव्यावर थोडे थोडे द्यावे आणि लघवीचा रंग विचारावा. हृदयाचा वा मूत्रपिंडांचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण पाळावे. जुलाब सुरू झाले तर साधे पाणी पुरत नाही, तेथे ओआरएसच द्यावे. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाबांतही ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घालावे. मीठ अंदाजाने जास्त घालू नये. ते लहान मुलांना अपायकारक ठरते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. पुस्तकात प्रत्येक वेळी बदलाला मागे खेचणाऱ्या साखळ्याच दिल्या आहेत. बदलाला पुढे ढकलणारी एखादी साखळी शरीरात आहे का, आणि असेल तर ती थांबते कशी? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मला विशेष आवडला, कारण खरी गंमत तिथेच आहे. अशा साखळ्या थोड्या आहेत आणि प्रत्येकीचा शेवट आधीच ठरलेला असतो. जखमेतून रक्त वाहू लागले की गोठण्याची पहिली पायरी पुढच्या पायरीला वेग देते आणि भोक बुजेपर्यंत हा वेग वाढत जातो. तो शरीरभर पसरू नये म्हणून रक्तात त्याला रोखणारी द्रव्येही असतात.

सर्वांत स्पष्ट उदाहरण बाळंतपणाचे. बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाबले गेले की तिथल्या चेतांमधून मेंदूला खबर जाते, पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन सुटते, गर्भाशय आणखी जोरात आकुंचन पावते, डोके आणखी दाबले जाते आणि आणखी ऑक्सिटोसिन सुटते. कळा वाढत जातात त्या अशा. येथे टाकीतला फुगा नाही. येथे उतारावरून गडगडत जाणारा दगड आहे. बाळ बाहेर आले की मुखावरचा ताण सरतो आणि ही साखळी तुटते. या साखळीत मागे खेचणारी दोरी नसल्यामुळेच, कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन द्यायचे झाल्यास ते रुग्णालयात, मोजून आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत द्यावे लागते.

ऑक्सिटोसिनचे काम मात्र एवढ्यावर संपत नाही. बाळ पहिल्या तासाभरातच आईच्या छातीशी लावले की त्याच्या चोखण्याने ते पुन्हा सुटते. त्यामुळे दूध उतरते आणि त्याच वेळी गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी होतो, म्हणून अनुभवी परिचारिका नाळ कापल्यावर बाळाला आईपासून दूर ठेवत नाहीत.